नुसता व्हिडिओ नको, दोन ओळी लिहा

फजरची नमाज झाली की मी फोन बघते. तोवर तीस-चाळीस व्हिडिओ येऊन पडलेले असतात. खानदानाचा ग्रुप, शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप, बी.एड.च्या बॅचचा ग्रुप, मोहल्ल्यातल्या बायकांचा ग्रुप. कुणी तिलावत पाठवलेली असते, कुणी मांजरीचं पिल्लू, कुणी साखर कमी करणारं कारल्याचं पाणी, कुणी एखाद्या मौलानांचं बयान, कुणी पुरात वाहून जाणारी बस. आणि जवळजवळ कशावरही पाठवणाऱ्याचा स्वतःचा एक शब्द नसतो. फार तर जोडलेले हात किंवा डोळ्यांतून पाणी काढणारा पिवळा चेहरा.

माझी तक्रार व्हिडिओंबद्दल नाही. मला व्हिडिओ बघायला आवडतात आणि आवडलेला दुसऱ्याला दाखवायला त्याहून जास्त आवडतं. तक्रार आहे ती या मुकेपणाबद्दल. बस कुठली? पूर कधीचा? मला का पाठवला? मी काळजी करावी म्हणून, दुवा करावी म्हणून, की त्या रस्त्याने जाऊ नये म्हणून? काहीच कळत नाही.

रमजानमध्ये इफ्तारीची ताटं शेजारीपाजारी जातात. क्रोशाच्या रुमालाखाली ताट झाकून आपण पोराच्या हातात देतो आणि सोबत निरोप देतो. शेजारच्या काकूंकडे जाणाऱ्या ताटाचा निरोप तर अम्मी पोराकडून दोनदा म्हणून घ्यायची: "सांग, भजी आणि खीर आहे, मटणाचं काही नाही, तेलही वेगळं घेतलंय." तो निरोप नसता तर काकूंनी ताट ठेवून घेतलं असतं, पण खाल्लं असतं का, कोण जाणे. निरोपामुळे ताट खाण्याजोगं व्हायचं. व्हिडिओचंही तेच आहे.

यूट्यूबवर चढवलेला अगदी पहिला व्हिडिओ तुम्ही पाहिलाय का? २३ एप्रिल २००५ चा, फक्त १९ सेकंदांचा. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक जावेद करीम (वडील बांगलादेशी, आई जर्मन) कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे. तो सांगतो की या हत्तींची सोंड लई लांब असते आणि तेच त्यांचं भारी आहे. बस्स, संपलं. आमच्या सहावीच्या पोरांनी याहून बरं भाषण केलं असतं! पण एक गोष्ट बघा. त्याने नुसते हत्ती नाही दाखवले. तो मध्ये उभा राहिला आणि आपल्याला त्यांच्यात काय आवडलं ते बोलला. दोन दशकांनंतर आपल्याकडे हत्ती कोट्यवधी झाले आणि बोलणारा माणूस मात्र मधून निघून गेला.

तो निघून गेला की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय.

२०१८ साली एक व्हिडिओ देशभर फिरत होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. चित्रण सीसीटीव्हीसारखं. बघणाऱ्या प्रत्येक आईच्या काळजाचं पाणी व्हावं असं. मूळ व्हिडिओ कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन नावाच्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेला होता आणि तो इथे संपत नव्हता. ते दोघं परत येतात, पोराला सुखरूप खाली उतरवतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी तो शेवट कापला. मग तो कराचीचाही राहिला नाही, आपल्याच आसपासच्या गावाचा झाला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा राज्याराज्यांत पसरली आणि अनोळखी माणसं दिसली की जमाव जमू लागले.

त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजारात आलेल्या पाच माणसांना जमावाने पोरं पळवणारे समजून मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बरीचशी मंगळवेढ्याकडची. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. ती तिथे काय करत होती, हे त्यांनी सांगितलं होतं. ऐकलं नाही कुणी.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बरं केलं. पण पाच ही संख्या काय करणार? पाच ग्रुप म्हणजे हजारभर माणसं. खरा अडसर पाठवणाऱ्याच्या बोटात हवा. "हा व्हिडिओ अमुक ठिकाणचा आहे, मी शेवटपर्यंत पाहिलाय, मला असं वाटतं" एवढं लिहायला बसलं की निम्मे व्हिडिओ आपोआप थांबतात, कारण लिहिताना लक्षात येतं की यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही. दोन ओळींचा मला दिसणारा पहिला फायदा हा आहे. लिहिणाऱ्यालाच आधी प्रश्न पडतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याही वाट्याला असा एक व्हिडिओ आला. काही मुसलमान माणसं जेवणाची भांडी, चमचे चाटताहेत आणि कोरोना मुद्दाम पसरवताहेत, असं सांगत तो फिरत होता. व्हिडिओ दाऊदी बोहरा मंडळींचा होता आणि निदान २०१८ पासून इंटरनेटवर होता, म्हणजे कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाचा. बोहऱ्यांकडे एका मोठ्या थाळाभोवती बसून सगळे जेवतात आणि अन्नाचा कण वाया जाऊ नये याबद्दल ते फार काटेकोर असतात. ताट, बोटं चाटून पुसून घेणं हे आपल्या सगळ्यांच्याच घरात शिकवलं जातं: बरकत कुठल्या दाण्यात आहे कुणाला माहीत! हिंदू घरांतही पानात टाकू नये म्हणतातच की.

त्या दिवसांत ओळखीच्या लोकांच्या एका ग्रुपवर हा व्हिडिओ पडला. त्याखाली सत्तर-ऐंशी माणसं गप्प. एका जुन्या मैत्रिणीने मात्र तोच व्हिडिओ मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं: "अगं, हे काय आहे? तुमच्याकडे असं करतात का? खरं सांग." लोकांना वाटतं अशा प्रश्नाचा मला राग आला असेल. उलट! व्हिडिओ तोच, पण ग्रुपवर तो आरोप होता आणि तिच्या तीन छोट्या वाक्यांनी तो प्रश्न झाला. आरोपाला काय उत्तर देणार? प्रश्नाला देता येतं. मी बरकतीबद्दल लिहिलं, तिने तिच्या आजीबद्दल लिहिलं. तासभर आम्ही दोघी खरकट्यावर बोलत होतो.

आता जरा आपल्या अंगणातही बघू. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, हे मी लहान असताना ऐकलं. व्हॉट्सॲपचा तेव्हा जन्मही नव्हता. आर्मस्ट्राँगने स्वतः ते नाकारलं होतं आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना तसं कळवलंही होतं. तरी ती गोष्ट आता पार्श्वसंगीतासह व्हिडिओत फिरते, आणि खाली शंभर वेळा "सुबहानअल्लाह". अल्लाहच्या कुदरतीला सिद्ध व्हायला एका अंतराळवीराची खोटी साक्ष लागते का? चंद्र रोज दिसतो तेवढा पुरत नाही? आपल्याबद्दलच्या खोट्या व्हिडिओवर आपण चिडतो, तर आपल्या बाजूच्या खोट्या व्हिडिओवरही चिडायला हवं. मी ग्रुपवर असं लिहिलं की दोन दिवस खाला लोक माझ्याशी बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी शीरखुर्म्याची रेसिपी विचारायला फोन येतोच.

पण ही सगळी बंदोबस्ताची बाजू झाली. पोलिसाच्या शिट्टीसारखं मला नेहमी लिहायचं नाही. आवडीच्या व्हिडिओलाही दोन ओळी लागतात, आणि तिथे खरी मजा आहे.

मी मराठी शिकवते उर्दू माध्यमाच्या मुलांना, आणि उर्दू शिकवते हौसेने येणाऱ्या मराठी मोठ्यांना. त्यामुळे माझे आवडते व्हिडिओ सतत या दारातून त्या दारात जात असतात. नुसरत फतेह अली खान यांनी गायलेली नाज ख्यालवी यांची 'तुम एक गोरख धंधा हो' ही कव्वाली घ्या. माझ्या उर्दू वर्गातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना नुसती लिंक पाठवली असती तर काय झालं असतं? मराठी वर्तमानपत्रात गोरखधंदा म्हणजे बेकायदा दारूचा, बनावट नोटांचा. म्हणजे कव्वाल अल्लाहला लबाड धंदेवाईक म्हणतोय! म्हणून मी सोबत लिहिलं: इथे गोरखधंदा म्हणजे कोडं. नाथपंथी जोगी एकात एक अडकवलेल्या कड्यांचं कोडं जवळ बाळगत. कडी सोडवू जाल तसा गुंता वाढतो. शायर खुदाला म्हणतोय की तू तसा आहेस, सुटत नाहीस. तक्रार आहे, पण प्रेमातली. आपली जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, त्या घरातली ही तक्रार आहे असं समजा. अर्ध्या तासाच्या आसपासची आहे, घाईत ऐकू नका.

त्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "बाई, गोरखनाथाचं नाव एका मुसलमान शायराच्या कव्वालीत असं सहज येतं, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं." मला त्या क्षणी राईनपाडा आठवला. ज्या नाथपंथाच्या झोळीतलं कोडं लाहोर-फैसलाबादपर्यंत गाण्यात गेलं, त्याच पंथाच्या पाच गोसाव्यांना आपल्या गावात ओळखणारं कुणी निघालं नाही. हे मी त्यांना तेव्हा बोलले नाही, इथे लिहितेय.

माझी दुसरी आवडती जोडी म्हणजे पु. ल. देशपांडे आणि झिया मोहिउद्दीन. पु.लं.ना मराठी वाचकांना काय ओळख करून द्यायची! झिया मोहिउद्दीन पाकिस्तानातले नट. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या इंग्रजी सिनेमात सुरुवातीला विहिरीपाशी मारला जाणारा वाटाड्या तेच. २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. उर्दू जगात त्यांचं नाव आहे ते वाचनासाठी. पतरस बुखारी, मुश्ताक अहमद यूसुफी यांचं गद्य ते असं वाचत की लोक तिकीट काढून नाटकाला यावं तसे ऐकायला येत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी पु.लं.चा 'अंतू बर्वा' ऐकवते आणि आधी सांगते: गोष्टीकडे नंतर बघा, पहिल्यांदा नुसता 'ळ' मोजा. उर्दूत हे अक्षर नाही, आमची पोरं 'शाळा'ची 'शाला' करतात. मग सांगते, 'माझा' आणि 'माझी' यांतला झ सारखा आहे का ते कानाने पकडा. दुसऱ्यांदा ऐकताना पोरं हसायला लागतात, आणि तिसऱ्यांदा शेवटाला वर्ग एकदम शांत होतो, कारण हसता हसता तो रत्नागिरीचा म्हातारा किती एकटा आहे हे त्यांना कळलेलं असतं. मराठी मंडळींना झिया मोहिउद्दीन पाठवते तेव्हा लिहिते: अर्थ निम्मा कळला तरी चालेल, ते कुठे थांबतात ते ऐका. विनोद झाल्यावर ते हसत नाहीत, श्रोत्यांना हसायला जागा देतात. पु.लं.ची जागा ओळखणाऱ्याला ही जागाही ओळखू येते. भाषा वेगळी, थांबणं एकच.

या आवडीतून वर्गात एक गृहपाठ सुरू झाला. नववीच्या मुलांनी आठवड्यातून एकदा आवडता व्हिडिओ पाच मराठी वाक्यांत सांगायचा, फोन न दाखवता. 'मस्त', 'भारी' आणि 'एक नंबर' हे शब्द बंद. पहिल्या आठवड्यात वर्ग मुका झाला, कारण या तीन शब्दांशिवाय त्यांच्याकडे काही उरलंच नाही. मग हळूहळू निघायला लागलं. जेसीबीने विहीर खणण्याचा व्हिडिओ सांगणाऱ्या मुलाला 'बादली'शिवाय त्या लोखंडी पंजाला काय म्हणावं सुचेना, तर मागून एकाने सांगितलं, "आमच्या अब्बूंचा जेसीबी आहे, बकेटच म्हणतात." एका मुलीने लग्नातल्या बिर्याणीचा देग उघडण्याचा व्हिडिओ सांगितला. देगाच्या झाकणाला कणीक लावलेली असते हे ती म्हणाली, ते सगळ्यांना माहीत होतं. पुढे ती म्हणाली, "झाकण काढल्यावर भटियारा आधी मागे सरकतो आणि मग वास घेतो. त्याचे डोळे मिटलेले असतात." तो व्हिडिओ वर्गातल्या निम्म्यांनी पाहिला होता. मिटलेले डोळे कुणी पाहिले नव्हते. मधल्या सुट्टीनंतर, घरी गेल्यावर, सगळ्यांनी तो पुन्हा बघितला म्हणे.

यावर मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक म्हणजे, एवढा वेळ कुणाला आहे? ज्याला रोज वीस व्हिडिओ पाठवायला वेळ आहे, त्याला दोन पाठवून दोन्हींवर लिहायलाही आहे. टाइप होत नसेल तर बोलून पाठवा, माझी सासू तसंच करते आणि तिची टिप्पणी व्हिडिओपेक्षा लांब असते. दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. माझे मोठे मामू ऐंशीच्या घरात आहेत. ते दर शुक्रवारी गुलाबाच्या फुलांचा 'जुम्मा मुबारक' व्हिडिओ पाठवतात, त्यावर काही लिहीत नाहीत. त्याचा अर्थ "मी बरा आहे, उठलोय, तुझी आठवण आहे" एवढाच असतो आणि तो मला पोचतो. एका शुक्रवारी आला नाही तर मी फोन करते. अशा व्हिडिओला दोन ओळींची गरज नाही. तो निरोपच आहे, त्यातलं चित्र फक्त रुमाल आहे.

बाकीच्यांना सूट नाही. "मी काही जाणकार नाही, काय लिहू?" हे तर मुळीच चालणार नाही. जाणकारी कुणी मागितलीय? कुठल्या मिनिटाला तुम्ही थांबून मागे नेऊन पुन्हा पाहिलंत, तेवढं लिहा.

गेल्या आठवड्यात मी शिक्षकांच्या ग्रुपवर अरविंद गुप्तांचा एक व्हिडिओ टाकला. आयआयटी कानपूरचा हा इंजिनियर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवत आला. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्याने मुलांना भूमिती शिकवली, पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शेकडो खेळणी केली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळणं होतं स्ट्रॉच्या पिपाणीचं. स्ट्रॉचं एक टोक दातांनी चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं आणि फुंकायचं. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून कात्रीने कापत गेलं की आवाज चढत जातो. खाली मी लिहिलं: "आवाजाच्या धड्याला उपयोगी. कापताना आवाज चढतो तिथे मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. पहिली दहा मिनिटं वर्गात काही शिकवता येणार नाही, शेजारच्या वर्गाची आधी माफी मागून ठेवा."

एरवी या ग्रुपवर अंगठ्याशिवाय उत्तर येत नाही. त्या दिवशी अकरा उत्तरं आली. सगळ्यांत कामाचं उत्तर विज्ञानाच्या सरांचं: "टीचर, फ्रूटीची बारीक घेऊ नका, वाजत नाही. शहाळेवाल्याकडची जाड मागा. पण कागदाची देतोय हल्ली, तिचा दोन फुंकांत लगदा होतो. जरा जास्त आणून ठेवा."